बेदाण्याच्या शेडवरून तास सुरू करायचा तर नेमका कसा? समस्याधारित अध्ययनाबद्दल नेमकी माहिती हवी

शेडनेट (धागाकर्ती)

मुक्काम सांगली. अन्नतंत्रज्ञान, दुसरं वर्ष, सम सत्र. घटक: फळांचं निर्जलीकरण, व्याख्यानाचे १० तास आणि ४ प्रात्यक्षिकं. पटावर ६२ मुलं, शिक्षक एक, तास ५० मिनिटांचा, बाकं जमिनीला पक्की ठोकलेली.

हा घटक फळ्यावरून न शिकवता समस्येवरून शिकवायचा आहे. 'मुलांना विचार करायला लावा', 'शिक्षकाने मार्गदर्शक व्हावं' असले सल्ले कृपया नकोत, ते प्रत्येक कार्यशाळेत चहाबरोबर मिळतात. गट केवढा, कुठल्या मिनिटाला काय, समस्या कशी लिहायची, गुण कसे द्यायचे आणि गाडी कुठे रुतते, एवढं सांगा.

भडंग

आधी शब्दांचा घोळ निस्तरू, कारण निम्मे प्रयोग तिथेच फसतात. प्रकल्प म्हणजे आधी शिकलेलं वापरून काहीतरी बनवणं. प्रकरण-अभ्यास म्हणजे शिकवून झालेल्या धड्याला जोडलेली घटना. समस्याधारित अध्ययनात क्रमच उलटा: समस्या पहिल्या दिवशी येते, त्या वेळी मुलांना ती सोडवण्यापुरतं ज्ञान नसतं, आणि काय कमी पडतंय हे त्यांनीच शोधून ठरवायचं. धडा शिकवून मग 'आता ही समस्या सोडवा' म्हटलंत तर तो स्वाध्याय झाला. वाईट नाही, पण हे नव्हे.

पद्धत वैद्यकीय शिक्षणातून आली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये अख्खा अभ्यासक्रम अशा पद्धतीने सुरू केला. हॉवर्ड बॅरोज हे नाव त्या काळापासून याला जोडलेलं आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टने १९७४ पासून तीच वाट धरली आणि सात पायऱ्यांचा साचा दिला. तुम्हाला उपयोगाचा तोच.

कंदीपेढा

साताऱ्यात बसून हे परदेशी म्हणून वाचताना हसू येतं. कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' केव्हाच सुरू केलं होतं की!

भडंग

@कंदीपेढा, कर्मवीरांबद्दलचा आदर आपल्या जागी, पण ती गोष्ट वेगळी. १९१९ मध्ये काल्याला सुरू झालेल्या रयतने श्रमाच्या बळावर गरिबाच्या पोराला शाळेचं दार उघडून दिलं. शिक्षणाचा खर्च कसा भागवायचा आणि श्रमाला मान कसा द्यायचा, याचं ते उत्तर आहे. वर्गात निर्जलीकरणाचा धडा कुठल्या टोकाकडून सुरू करायचा, हा प्रश्नच तिथे नव्हता. सगळं एका पोत्यात घातलं की दोन्हींचं मोल कमी होतं.

आयर्विन

सात पायऱ्या तुमच्या वेळापत्रकात बसवून देतो. मूळ बैठक दोनेक तासांची असते, त्यामुळे ५० मिनिटांत घड्याळ कडक लागतं.

सोमवारचा तास, पायरी १ ते ५. पहिली ५ मिनिटं: समस्या एकाने मोठ्याने वाचायची, न कळलेले शब्द विचारायचे. पुढची ५: 'नेमका प्रश्न काय' ते एका वाक्यात. मग १५ मिनिटं कारणांचा पाऊस. इथे कुणी कुणाचं खोडायचं नाही आणि मोबाइल पिशवीत. नंतर १५ मिनिटं त्या कारणांची जुळवाजुळव: कशामुळे काय, बाणांनी कागदावर. शेवटची १० मिनिटं शिकण्याचे मुद्दे लिहायला, चार ते पाच, प्रश्नाच्या रूपात. 'बाष्पीभवन' हा मुद्दा नव्हे. 'सालीवरचा मेणाचा थर पाणी बाहेर पडायला किती अडवतो आणि डिपिंगने (वाळवण्याआधी द्राक्षं द्रावणात बुडवल्याने) त्यात काय बदलतं' हा मुद्दा.

पायरी ६: मंगळवार ते गुरुवार स्वतः वाचन, गुरुवारचं प्रात्यक्षिक त्याच समस्येला जुंपायचं. पायरी ७: शुक्रवारचा तास, गटात परत येऊन एकमेकांना समजावणं आणि समस्येला उत्तर.

गट: ६२ चे आठ गट करा, सहा गट आठ-आठांचे आणि दोन सात-सातांचे. पाचपेक्षा कमी असले की कारणं लवकर आटतात, दहाच्या वर गेले की मागचे दोघे खिडकीबाहेर बघतात. ठोकलेल्या बाकांवर पुढच्या रांगेने मागे वळून बसायचं, चार पुढचे, चार मागचे. एक रांग रिकामी सोडून गट बसवा, नाहीतर शेजारच्या गटाची कारणं तिकडे ऐकू जातात.

मास्ट्रिख्टमध्ये प्रत्येक गटाला एक शिक्षक असतो. आपल्याकडे ते शक्य नाही. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठाने विज्ञानाच्या मोठ्या वर्गांसाठी फिरत्या शिक्षकाची आणि वरच्या वर्गातल्या मुलांची मदत घेतली, तोच मार्ग धरा. तिसऱ्या वर्षाची चार मुलं घ्या, एकाकडे दोन गट. त्यांना आदल्या दिवशी अर्धा तास बसवून एकच गोष्ट पक्की करायची: उत्तर सांगायचं नाही, तीनच प्रश्न विचारायचे. हे कशावरून? हे चूक असेल तर शेडवर काय वेगळं दिसलं असतं? आकडा किती?

शेडनेट

@आयर्विन, पायऱ्या कळल्या. समस्या लिहायची कशी? 'द्राक्षांपासून बेदाणे बनवण्याची प्रक्रिया विशद करा' याला समस्या म्हणत नाहीत इतपत कळतं.

तासगावकडे

हा माझ्या आवडीचा भाग, म्हणून लांबण लावतो.

समस्येत माणूस हवा, त्याला निर्णय घ्यायचा हवा, आणि निर्णयाची वेळ ठरलेली हवी. शिवाय निदान दोन कारणं एकमेकांत अडकलेली हवीत, म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत कुणी 'सापडलं!' म्हणून गठडी बांधू शकत नाही. एका पानात मावायला हवी. आणि ती टप्प्याटप्प्याने द्यायची, सगळी माहिती पहिल्याच कागदावर नको.

भाग १ (सोमवारी): "तासगाव भागातल्या एका शेडवर दोन बागांची थॉमसन द्राक्षं एकाच दिवशी रॅकवर टाकली, 'अ' बागेची सकाळी, 'ब' बागेची दुपारी. डिपिंगचं द्रावण तेच. चौदाव्या दिवशी 'अ' चा माल उतरवण्याजोगा झाला. 'ब' चा हाताला चिकटतो आणि रंग तांबूस आहे. परवा गाडी भरायची आहे. शेडमालक विचारतो: काय झालं, आणि 'ब' चं काय करू?"

भाग २ (सोमवारीच, जुळवाजुळव झाल्यावर, मागेल त्या गटालाच): 'अ' ची साखर २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं शेकडा माप), 'ब' ची १८. द्रावणाचा सामू सकाळी ११, दुपारी ९. जो गट 'साखर किती होती?' असं विचारत नाही त्याला आकडा द्यायचा नाही. मोजायला काय हवं हे सुचणं हाच अर्धा धडा.

भाग ३ (शुक्रवारी तासाच्या सुरुवातीला): 'ब' चा ओलावा २१ टक्के आला. मालक म्हणतो, दोन्ही माल मिसळून टाकू, सरासरी बसेल. चालेल?

साखर आणि द्रावण, दोन्हींवर संशय आहे आणि दिलेल्या माहितीतून ते सुटे होत नाहीत. ते सुटे करायला प्रयोगच करावा लागतो. प्रात्यक्षिक इथे आपोआप जोडलं जातं, बळेच चिकटवावं लागत नाही.

शिक्षकाजवळच्या टिपणात हा हिशेब तयार हवा. ब्रिक्स म्हणजे ढोबळ घनपदार्थ धरू (काटेकोर नाही, पण इथे चालतं). १०० किलो 'अ' मध्ये २४ किलो घन. १५ टक्के ओलाव्याला बेदाणा २४ ÷ ०.८५ = २८.२ किलो, म्हणजे ७१.८ किलो पाणी उडवायचं. 'ब' मध्ये १८ ÷ ०.८५ = २१.२ किलो बेदाणा, पाणी ७८.८ किलो. मुलं इथे थांबतात आणि म्हणतात, फरक सातच किलोचा, म्हणजे साखरेचा दोष नाही. तेव्हा विचारायचं: एक किलो बेदाण्यामागे किती पाणी? 'अ' ला अडीच किलो, 'ब' ला पावणेचारच्या जवळ. चार किलो द्राक्षांना एक किलो बेदाणा हा शेडवरचा हिशेब कुठून येतो आणि कच्च्या मालाला तो का लागू पडत नाही, हे त्याच क्षणी उलगडतं. व्याख्यानात हेच समीकरण दोन मिनिटांत सांगून होतं आणि दोन दिवसांत विसरूनही होतं.

तांबूस रंगाचा धागा वेगळा. वाळणं रेंगाळलं की सालीखालच्या विकरांना काम करायला जास्त वेळ मिळतो, रंग काळवंडतो. एखादा गट गंधकाच्या धुरीकडे वळला तर वळू द्या, मात्र 'ती नेमकं काय थांबवते' हे विचारा.

पाटीपेन्सिल

उत्साहात एक गार पाणी. २००६ मध्ये कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी याच पद्धतींवर कडक टीका केली होती. मुद्दा सोपा: नवख्याच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. समस्या, नवे शब्द, गटातलं राजकारण आणि शोधाशोध एकदम अंगावर टाकली तर शिकायला जागाच उरत नाही. त्याआधी १९९३ मध्ये वैद्यकीय अभ्यासक्रमांचे दोन मोठे आढावे आले होते, त्यांतही चित्र मिश्र: मुलांना पद्धत आवडते, रुग्णासमोर ती बरी ठरतात, पण मूलभूत विज्ञानाच्या परीक्षेत काही ठिकाणी मागे पडतात. विद्यापीठाचा पेपर तर पाठांतराचाच येणार. मग भोगायचं कुणी?

आयर्विन

@पाटीपेन्सिल, टीका रास्त, पण ती विनामदत शोधाशोधीवर जास्त लागू पडते. २००७ मध्ये मेलो-सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच उत्तर दिलं, की नीट बांधलेल्या समस्याधारित तासात आधाराच्या काठ्या भरपूर असतात. आणि दोख यांच्या २००३ च्या आढाव्यात तात्काळ माहितीत थोडी पिछाडी, पण ज्ञान वापरण्यात ठळक आघाडी, शिवाय शिकलेलं जास्त काळ टिकतं, असं चित्र आहे.

म्हणून व्याख्यान काढून टाकू नका. जागा बदला. शनिवारी, शुक्रवारच्या चर्चेनंतर, ३० मिनिटांचं व्याख्यान: वस्तुमानाचा समतोल (आत गेलेलं आणि बाहेर आलेलं वजन जुळवणं), जल-क्रियाशीलता (पदार्थातलं मोकळं, जंतूंना वापरता येणारं पाणी), वाळण्याचा वेग कसा घटत जातो. तोवर मुलांकडे प्रश्न तयार असतात, त्यामुळे तेच व्याख्यान वेगळं ऐकू येतं. आणि पहिल्याच समस्येला मुलं पूर्ण कोरी असतील तर सोमवारच्या आधी एक सोडवलेलं उदाहरण द्या, गाजराचं चालेल. त्याने समस्या फुटत नाही, हिशेबाची भीती तेवढी जाते.

पाटीपेन्सिल

हे पटतं. पण मग दहाच्या दहा तास समस्येचे करू नका. चार तास नेहमीसारखे ठेवा.

तासगावकडे

सहमत. या घटकाला एक मोठी आणि एक छोटी समस्या पुरे. अख्ख्या सत्रात तीन-चारच्या वर गेलात तर मुलं सात पायऱ्या कवायतीसारख्या उरकतात.

आयर्विन

कुठे रुततं, तेही सांगून टाकतो.

सगळ्यात नेहमीचं: पायरी ६ ला कामाची वाटणी. 'तू मेण बघ, मी ओलावा बघतो, ती रंग.' शुक्रवारी मग आठ तुकडे वाचून दाखवले जातात आणि कुणालाच पूर्ण चित्र दिसत नाही. नियम असा: प्रत्येक मुद्दा प्रत्येकाने वाचायचा. शुक्रवारी चिठ्ठी काढून ज्याचं नाव येईल त्याने कोणताही मुद्दा मांडायचा. चिठ्ठी ठेवली की वाटणी आपोआप बंद होते.

दुसरं: एकच हुशार पोरगं बोलतं. प्रमुख, लेखनिक आणि वेळ बघणारा ही कामं दर समस्येला फिरवा. त्या बोलक्या पोराला लेखनिक करा, लिहिताना बोलणं कमी होतं.

तिसरं: शिक्षकालाच राहवत नाही. गट शांत झाला की पाचव्या सेकंदाला उत्तर तोंडातून निसटतं आणि तिथून पुढे सगळे तुमच्याकडेच बघत बसतात. मनात वीस मोजा.

चौथं, हल्लीचं: सोमवारी संध्याकाळी भाग १ एआयमध्ये टाकून उत्तर मागवलं जातं. बंदीने काही होत नाही. ते उत्तर गटाने आणावं आणि शुक्रवारी त्यातली एक चूक किंवा एक न तपासलेलं गृहीतक दाखवावं. प्रात्यक्षिकात आपण वाळत ठेवलेल्या ट्रेचे आकडे एआयकडे नसतात, त्यामुळे खरी चर्चा शेवटी ट्रेवरच येते.

कंदीपेढा

माझी वरची प्रतिक्रिया मागे घेतो, आता कामाचं विचारतो. हेच नववीला, विज्ञानाला? २०१९ चा महापूर घ्यायचा विचार होता.

भडंग

विषय जिवंत आहे, पण 'महापूर का आला' हे आठवड्याला फार मोठं होतं. शिवाय अलमट्टी धरणाचं नाव निघालं की तास संपला म्हणून समजा, मुलं घरी ऐकलेलंच बोलतात. लहान करा: "सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याला टेकली आहे. ४५ ला धोका. तुमचं दुकान नदीकडच्या गल्लीत, तळमजल्यावर. माल आज रात्री हलवायचा की उद्या? कोणती तीन माहिती मिळाली तर ठरवाल?" २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, हा आकडा नंतरच्या कागदावर द्या. नववीला सातऐवजी तीन पायऱ्या पुरतात: काय माहीत आहे, काय माहीत नाही, कुठे मिळेल.

शेडनेट

@तासगावकडे, प्रात्यक्षिकाचं प्रमाण द्याल का? आणि प्रयोगशाळेत ओलावा १०५ अंशाच्या ओव्हनवर काढतो, तो चालेल ना?

तासगावकडे

ओव्हनचं आधी. बेदाण्याला १०५ अंश चालत नाही. फळातली साखर, विशेषतः फ्रुक्टोज, त्या तापमानाला विघटित होते आणि वजन घटतच राहतं, म्हणून ओलावा खोटा जास्त दिसतो. व्हॅक्यूम ओव्हन ७० अंशावर हवा. तो नसेल तर ओव्हनच नको, ट्रेच्या वजनावरून काढा. ५०० ग्रॅम द्राक्षं, २२ ब्रिक्स, म्हणजे घन ११० ग्रॅम. ट्रेतला माल १३० ग्रॅमवर आला की ११० ÷ १३० = ८४.६ टक्के घन, ओलावा १५.४ टक्के. रोज वजन, रोज ओलावा, उपकरण फक्त तराजू.

द्रावण: १ लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट पूर्ण विरघळवा, मग १५ मिलि इथाइल ओलिएट बारीक धारेने, ढवळत राहून. उलट क्रमाने केलं तर तेल वर तरंगतं. बुडवणं ३ मिनिटं, मग निथळू द्यायचं.

ट्रे चार, प्रत्येकी ५०० ग्रॅम, एकाच बागेचा माल: (१) न बुडवलेली, (२) फक्त कार्बोनेटमध्ये, (३) पूर्ण द्रावणात, (४) वापरून उतरलेल्या द्रावणात, सामू ९ ला आणून. सावलीत, हवा खेळती, चारही ट्रे एकाच उंचीवर. कमी साखरेच्या मालाचा पाचवा ट्रे पूर्ण द्रावणात बुडवून ठेवलात तर साखर आणि द्रावण हे दोन संशयित सुटे होतात. दोन्ही मालांच्या मण्यांचा आकार सारखा बघून घ्या, नाहीतर तिसरा संशयित आत शिरतो.

वाळायला १५ दिवसांच्या आसपास लागतात. म्हणजे ट्रे समस्येच्या दोन आठवडे आधी लावायचे, मुलांना कारण न सांगता फक्त वजनं घ्यायला लावायची.

पाटीपेन्सिल

गुणांचं कुणीच बोललं नाही.

आयर्विन

अंतर्गत २० गुण धरून: गटाचं लेखी उत्तर ६, चिठ्ठीवरची तोंडी ६, वजनांची वही ४, नवी छोटी समस्या एकट्याने ४.

गटाच्या ६ ला सहकाऱ्यांच्या मताचा गुणक लावा. प्रत्येकाने बाकीच्यांना १० पैकी गुण द्यायचे. स्वतःला मिळालेली सरासरी भागिले गटाची सरासरी. गुणक ०.८ च्या खाली आणि १.१ च्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर मैत्री आणि दुष्मनी दोन्ही त्यातून निघतात. गटाला ५ मिळाले आणि एखाद्याचा गुणक ०.७५ आला तर ०.८ धरून ४.

तासगावकडे

शेवटच्या ४ गुणांची समस्या हळदीची ठेवा: "एकाच काहिलीत शिजवलेली हळद. हळकुंडं मोडल्यावर खणखणीत वाजतात, गड्डे आतून ओलसर. का?" जो 'सालीवरचं मेण' लिहील त्याने बेदाणा पाठ केला. जो जाडी आणि आतलं पाणी बाहेर यायला लागणारा वेळ याबद्दल लिहील त्याला तत्त्व कळलं.

विषम सत्रात द्राक्षं नसतात. तेव्हा गूळ घ्या: पावसाळ्यात एक ढेप पाझरते, शेजारची कोरडी राहते.

शेडनेट

छान. मग असं बसवते: ट्रे फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी, समस्या तिसऱ्या सोमवारी, शनिवारी व्याख्यान. द्राक्षं घड मोडून, मणी तोडून घ्यायचे ना?

तासगावकडे

मणी ओढून तोडू नका, देठाच्या जागी भोक पडतं, रस गळतो आणि त्या वाटेने पाणी लवकर उडतं, मग डिपिंगचा फरक दिसतच नाही. कात्रीने कापा, देठाचा बारीक तुकडा मण्याला राहू द्या. आणि ५०० ग्रॅमचं वजन बुडवण्याआधी घ्या. निथळल्यानंतर घेतलंत तर मण्यांवर राहिलेलं द्रावणही त्यात मोजलं जातं.